पुडीतली राणी

ओवीनं काल परत एक डबी आणली. ओवी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी, अकरावीला आहे. डबी म्हणजे मुठीएवढं खोकं, चहूबाजूंनी बंद. आत कोणती बाहुली निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. कधी योद्धा, कधी चेटकीण, कधी पंखवाला घोडा. या बाहुल्या पुठ्ठ्यावर मांडून पोरं खेळतात, फासे टाकतात, आणि जी सहसा निघत नाही तिच्यासाठी वेडी होतात. ओवी खोकं कानाशी धरून हलवते, आवाजावरून ओळखायला बघते. आमचे चिरंजीव वैतागतात, "प्लास्टिकवर पैसे जाळतेस." ती म्हणते, "पप्पा, कलेक्शन आहे." आणि काल तिनं मलाच पंच केलं. "आजी, तू सांग. घेण्यासारखं आहे की नाही हे? वर्थ आहे का?" मी म्हटलं, थांब, लिहून सांगते. ती हसली. मी बोलायला लागले की गॅसवरची भाजी करपते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण लिहिते म्हटल्यावर माझं काय व्हायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

बदलापूरला मांजर्लीतलं आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. तरी जपायच्या वस्तू मी कपाटाच्या माथ्यावरच ठेवते, कारण उल्हास नदी कधी जिना चढून येईल त्याचा भरवसा नाही. त्या माथ्यावरच्या वस्तूंत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, झाकणावरचं चित्र पार पुसलेलं. तो मी काल खाली काढला. ओवीला वाटलं दागिने असतील. आतले शिपाई, घोडे, उंट बघून ती किंचाळलीच, "आजी, तुझ्याकडे पण?" हो बाई, माझ्याकडे पण. म्हणजे माझ्याकडे नाही. विमलकडे.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पूर्वेला चाळीत राहायचो. एक खोली, पुढं पडवी, मागं मोरी. आबा, म्हणजे माझे वडील, रंगाच्या कारखान्यात होते. संध्याकाळी येत तेव्हा त्यांच्या नखांवरून कळायचं आज कारखान्यात कुठला रंग चालला होता. सकाळी भोंगा व्हायचा, त्याच्या आधी आईच्या स्टोव्हचा पंप वाजायचा, आणि त्याच्याही आधी शेजारच्या काकूंचा खोकला. या तीन आवाजांवर आमचं घर उठायचं. मी सातवीनंतर शाळा सोडून घरी होते. विमल माझ्यापेक्षा धाकटी. आई तिला इमल म्हणायची. गावाकडची जीभ होती आईची, ती शेवटपर्यंत शहरात आली नाही.

खोलीच्या भिंतीत एक देवळी होती. आधीच्या भाडेकरूंनी देवासाठी ठेवलेली, वर तेलाचा काळा डाग. आमच्याकडं देव नव्हते. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, आमच्या लोकांच्या घरात असतात त्याच, आणि रविवारी सकाळी आबा आम्हाला समोर बसवून पंचशील म्हणायला लावायचे. धर्म बदलला तेव्हा गावच्या घरातले टाक, खंडोबा, म्हसोबा, सगळे एका टोपलीत भरून नदीत सोडले होते. ती टोपली आबांनी नाही, आईनं स्वतःच्या डोक्यावरून नेली होती. "टोपली रिकामी झाली आन् मान मोकळी झाली," असं ती सांगायची, आणि सांगताना खरंच मान हलवून दाखवायची. त्यामुळं देवळी रिकामी राहायची. आबांचा तसा नियमच होता. नवी माणसं आली की ते मुद्दाम तिकडं बोट दाखवत, "बघा, आमची देवळी. काही नाही तिच्यात." जसा कुणी घरातला रेडिओ दाखवावा तसे.

विमलचे आधी गुडघे सुजले, मग मनगटं. ताप यायचा, जायचा. आई म्हणायची वाढीचं अंग आहे, दुखणारच. कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. काळजाच्या झडपेत गेलंय म्हणाले. धावायचं नाही, जिना चढायचा नाही, मीठ बंद. ऑपरेशन मुंबईला होतं, पण पोरगी जरा भरू द्या, एवढ्याशा अंगाला सोसणार नाही. ती भरायची कशी? अळणी जेवण तिच्या घशाखाली उतरेना. मग आईनं सगळ्या घराचंच मीठ बंद केलं. आबांच्या डब्यातली भाजीसुद्धा अळणी. रविवारी चाळभर सुकटाचा वास सुटायचा आणि आम्ही बिनमिठाचं मुगाचं वरण भाकरीत कालवून, एकमेकांकडं न बघता जेवायचो. विमल विचारायची, "ताई, तुला चव लागते?" मी म्हणायचे, "मस्त लागते." आबा लगेच मान वर करायचे. खोटं बोललेलं त्यांना ताटावरसुद्धा चालायचं नाही. "तिला सांग, लागत नाही. पण खाते म्हणावं."

असे होते आमचे आबा.

पुड्या आल्या त्या याच दिवसांत. उल्हासनगरला एका सिंधी माणसाचा छोटा कारखाना होता, तिथं त्या बनायच्या. कागदाची पुडी, आत रंगीत बडीशेपेच्या गोळ्या आणि नखाएवढं एक प्लास्टिकचं बाहुलं. शिपाई, भालदार, घोडा, उंट, हत्ती, तोफ, राजा आणि राणी. पुडीवर आठही जणांची चित्रं छापलेली. राणी सगळ्यांत देखणी, हातावर पोपट. दुकानदार एक पुठ्ठाही द्यायचा, त्यावर घरं आखलेली आणि मधोमध महाल. फासे नव्हते, आम्ही चिंचोके उभे फोडून करायचो, पांढरी बाजू आणि काळी बाजू. सैन्य घेऊन निघायचं, वाटेत दुसऱ्याचं मारायचं, आणि शेवटी आपली राणी महालात नेऊन बसवायची. तिला बसवलं की जिंकलं. चाळीतल्या सगळ्या पोरांत वेड लागलं. एका तोफेला दोन उंट, राजाला तर मागाल ते. शिपाई इतके निघायचे की पोरं ते गटारात पोहायला सोडायची. राणी मात्र कुणालाच निघाली नव्हती. ज्याला त्याला वाटायचं, पलीकडच्या चाळीत कुणाला तरी निघाली आहे.

विमलची खाट देवळीखालीच होती. मी तिच्यासाठी पुड्या आणायचे, गोळ्या मी खायचे, बाहुलं तिचं. हळूहळू तिच्याकडं सात जण जमले. बाकीची पोरं खेळून कंटाळली, राणीवाचून खेळ संपायचाच नाही ना. विमल कंटाळली नाही. तिला तसंही कुठं जायचं नव्हतं. दुपारभर आमचा डाव चालायचा, आणि राणी नाही म्हणून कुणी जिंकायचं नाही, मग आहे त्या जागी पुठ्ठ्यावर फडकं टाकून तो दुसऱ्या दिवसावर ढकलायचा. जास्तीचे शिपाई-घोडे तिनं हात वर करून देवळीत ओळीनं मांडले. आबांनी बघितलं. राहू दिले. खेळणी ती खेळणी.

मग एक दिवस विमल आईला म्हणाली, "आई, राणी आली की मी उठणार." पोरं बोलतात तसंच बोलली. पण आईच्या हातातली परात थांबली, ते मी बघितलं. आईला महिनाभर वाटत होतं शिवमंदिरात जाऊन नवस बोलावा, शेजारच्या काकू रोज कानाशी लागत होत्या, "अगं, लेकरासाठी धर्म आड येतो होय?" पण आई गेली नव्हती. स्वतःच्या डोक्यावरून टोपली नेलेली बाई, परत कुठल्या तोंडानं जाणार? आणि आता पोरीनंच तिच्या हातात काहीतरी आणून ठेवलं.

त्यानंतर आई पाणी भरून आली की देवळीसमोर क्षणभर उभी राहायची. आधी नुसती उभी. मग पदर सारखा करून. आणि एका सकाळी आबा पाळी बदलून अवेळी घरी आले, तेव्हा तिचे हात जोडलेले होते आणि एका हत्तीपुढं तगरीचं फूल होतं.

आबा दारातच थांबले. चप्पलसुद्धा काढली नाही.

"हे काय चाललंय?"

"काय न्हाई."

"शांताच्या आई, ज्या हातानं सोडले त्याच हातानं..."

आई गर्रकन वळली. एरवी ती आबांपुढं आवाज चढवत नसे. "आवो, द्येव न्हवं ते! पलाष्टिक हाय. द्येवाला जोडत न्हाई, तुमच्या नेमाला धक्का न्हाई. पलाष्टिकाला तरी हात जोडू द्या की मला."

विमल खाटेवरून म्हणाली, "आबा, फूल मी मागितलं. हत्तीला खायला." आणि आबा काय करणार? खाली बसले, चपलेसकट.

दुसऱ्या दिवसापासून आबा स्वतः पुड्या आणायला लागले. कामावरून येताना खिशातून काढायचे, विमलच्या मांडीवर ठेवायचे आणि तोंड धुवायला मोरीत जायचे. जणू आत काय निघतं याच्याशी त्यांचा संबंध नाही. पण मोरीत पाण्याचा आवाज यायचा नाही. ते कान देऊन उभे असायचे. पुडी फाटल्याचा आवाज, मग विमलचं "शिपाई," आणि मग पाण्याचा आवाज. रोज असंच. ज्या माणसाला आईचे जोडलेले हात चालले नाहीत, तो रोज संध्याकाळी एक नवस विकत आणत होता, आणि हे आम्हा तिघींनाही कळत होतं. आबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मी नंतर ओवीच्या चेहऱ्यावर बघितलं, डबी कानाशी धरते ना, तेव्हा. म्हणून मी तिच्याकडं बघत नाही. स्वयंपाकघरात निघून जाते.

विमलच्या पायांवर सूज चढली. पाठ टेकून झोपता येईना, उशा लावून बसवायला लागायचं. एका सुट्टीच्या दिवशी आबा मला म्हणाले, "शांते, चल. पुड्यांच्या कारखान्यातनंच राणी मागून आणू." आम्ही वालधुनी नदीच्या काठाकाठानं चालत निघालो. कारखान्यांच्या रंगानं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. आबा भराभर चालत होते, मधेच माझ्यासाठी थांबत होते. बोलले एकदाच, "सरळ सांगायचं, पोरगी आजारी आहे. माणूस आहे, देईल."

आणि खरंच तो माणूस चांगला होता, हेच तर वाईट झालं. ठेंगणा, पांढरा पायजमा, कानावर पेन्सिल. खोलीत दोन यंत्रं, तापल्या प्लास्टिकचा वास, बायका पोत्यावर बसून पुड्या भरत होत्या. त्यानं आम्हाला आधी पापड आणि पाणी दिलं, सिंध्यांच्यात तसंच असतं, पापडाशिवाय बोलणं सुरू होत नाही. कितीतरी दिवसांनी मीठ तोंडात गेलं माझ्या. तो खारट पापड मला इतका गोड लागला की मला माझीच शरम वाटली.

आबांनी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली.

"साईं, रानी नहीं है।"

"संपली असेल तर थांबतो. पुढच्या वेळेला..."

"संपली नाय, भाऊ. बनलीच नाय. साचा बनवायचा होता. ते पोपटवाला हाथ, बारीक काम, साचेवाला बोला टूट जाएगा. कागद तर पहले ही छप गया था. मी बोललो, बाद में देखेंगे. मग माल चालला. पोरं घेतात. रानी नाय तरी घेतात." जरा थांबून तो म्हणाला, "रानी नाय म्हणून तर घेतात."

आबांनी विचारलं, "एकही नाही?"

"कसम से." आणि त्या भल्या माणसानं ओंजळभर राजे आणून माझ्या फ्रॉकच्या ओच्यात घातले. चाळीत एका राजासाठी मारामाऱ्या होत होत्या आणि माझ्या ओच्यात ढीग होता. मला ते सगळे तिथंच टाकून द्यावेसे वाटले.

परत येताना मी आबांचा हात धरला. "आबा, विमलला सांगू नका हं."

"विचारलं तर?"

"तर म्हणा, पुढच्या आठवड्यात मिळणार आहे."

आबा चालता चालता थांबले. मग म्हणाले, "शांते, आपल्या वाडवडलांना असंच सांगत आले लोक. पुढं मिळेल. पुढच्या जन्मी मिळेल. त्याच्यातनं उठून आलोय आपण. आता मीच माझ्या लेकरापुढं तसा जाऊन बसू?" मला त्यातलं अर्धंच कळलं. आज पुरतं कळतं, आणि कळलं तरी काही उपयोग होत नाही. आबांचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. बरोबर होतं असंही माझ्यानं म्हणवत नाही.

आई दारात उभी होती. आबांचा चेहरा बघूनच तिला कळलं. डोळ्यांनी ती नको नको म्हणत होती, मी बघितलं, आबांनीही बघितलं. विमल उशांना टेकून बसलेली, पुठ्ठ्यावरचं फडकं काढून तयार.

"आबा, आणली?"

आबा तिच्या खाटेशी गुडघ्यावर बसले. "विमे, राणी नाही बाळा. कुणाकडंच नाही. त्यांनी ती केलीच नाही."

विमल त्यांच्याकडं बघत राहिली. "मग चित्रात का काढली?"

आबांना सगळं येत होतं. सभेत भाषण करायचे, चाळीतली भांडणं सोडवायचे, मालकाशी मराठीत आणि साहेबाशी मोडक्या इंग्रजीत बोलायचे. याचं उत्तर त्यांना आलं नाही.

विमल रडली नाही. तिनं पुठ्ठ्यावरचे शिपाई एकेक करून उचलले, घोडा उचलला, उंट उचलला, याच बिस्किटांच्या डब्यात ठेवले. मग मला म्हणाली, "ताई, देवळीतले पण दे." मी दिले. झाकण लावायला तिच्या हातात जोर नव्हता, ते आबांनी लावलं. "संपला डाव," ती म्हणाली. नंतर मी कितीदा पुठ्ठा काढला, गोष्टी सांगितल्या, ओच्यातून आणलेले राजे दाखवले. ती नुसती मान वळवायची. डॉक्टर म्हणाले, झडप गेलीच होती, खेळानं काही झालं नसतं. असेलही. पण तिनं सोडून दिलं ते त्या दुपारी, हे आम्ही तिघांनी समोर बसून बघितलं. पंधरवडा गेला असेल नसेल. गेली तेव्हा सकाळ होती, भोंगा व्हायचा होता, आणि आईचा स्टोव्ह त्या दिवशी वाजला नाही.

आई त्यानंतर आबांशी बोलली नाही असं नाही. संसार आहे, बोलावं लागतं. पण त्यांच्याकडं बघून बोलली नाही. "शांते, तुज्या बापाला इचार, भाकरी घालू का," आबा समोर पाटावर बसलेले असताना. माझं लग्न होऊन मी बदलापूरला आले, तेव्हा तिला मधे कुणी उरलं नाही, तर ती भिंतीला सांगायला लागली. जेवण कायम अळणी. आबांनी कधी वरून मीठ मागितलं नाही. मीही आज मीठ घालते ते अंदाजानं, आणि अंदाज नेहमी कमीच येतो, सून गुपचूप वरून घेते.

तर ओवी, तू विचारलंस, घेण्यासारखं आहे का. मी तुला नको म्हणणार नाही. ते सात जण होते म्हणून विमलच्या दुपारी गेल्या, तेवढं खरं आहे. पण खोक्यावर चित्र बघतेस ना, ते बनवलेलं आहे की नुसतंच छापलेलं आहे हे कुणी तुला सांगणार नाही. आणि सांगणारा कुणी घरात निघालाच, तर काय होतं तेही सांगते.

म्हातारपणी आई-आबांना मी माझ्याकडं आणलं. आईचं सगळं विसरत चाललं होतं. मला ती काकू म्हणायची, चाळीतली काकू. पाणी आलं का, भोंगा झाला का, एवढंच विचारायची. त्यातच एका दुपारी, आबा तिला पेज भरवत होते, तर तिनं एकदम त्यांच्याकडं मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, थेट तोंडाकडं.

"आवो, इमलची राणी घावली का?"

मी ओट्याशी होते. हातातलं तसंच राहिलं. आबांनी चमचा पेजेच्या वाटीत ठेवला. पंचशील म्हणणारा माणूस, उभ्या आयुष्यात मला त्यांचं एक खोटं आठवत नाही.

"हो," आबा म्हणाले. "घावली."

आईचा चेहरा असा उजळला, ओवी, की मी तुला काय सांगू. तिनं पदर सारखा केला आणि हात पुढं केला, तळवा वर.

"मग द्या की. बघू."

आबा तिच्या तळव्याकडं बघत राहिले. पेज निवली. आईचा हात तसाच पुढं होता.